कान कोणी टोचावेत?

कान सोनारानेच टोचावेत, असं आपण सहज म्हणून जातो. सुश्रुतसंहितेतही बाळाचे कान टोचायला सांगितलंय, रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. पण मनावरचा ताण उतरावा म्हणून दहाबारा जणांनी एकत्र बसून, तेही फुकट, कानात सुया टोचून घ्यायच्या? या प्रकाराचा इतिहास मोठा मजेदार आहे.

फ्रान्समधल्या लिआँ शहरात पॉल नॉजिए नावाचे डॉक्टर होते. कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेवर कुणीतरी कानाला डाग दिलेले पेशंट त्यांच्याकडे आले, आणि त्यांना बरं वाटत होतं! त्यावरून १९५०च्या दशकात त्यांनी कानाचा नकाशाच मांडला. कान म्हणजे पोटातलं उलटं बाळ, अशी कल्पना. पुढे १९७२च्या सुमारास हाँगकाँगच्या डॉ. वेन यांना कानातल्या सुयांनी अफूची तलफ कमी झाल्याचं दिसलं.

पण याची लोकचळवळ झाली न्यूयॉर्कमध्ये. नोव्हेंबर १९७० मध्ये ब्राँक्स भागातल्या लिंकन रुग्णालयाचा एक भाग पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी ताब्यात घेतला. वस्तीतली पोरं हेरॉइनपायी मरत होती आणि उपचार मिळत नव्हते. तिथेच पुढे कानातल्या पाच जागांची पद्धत बसली. खुर्च्या मांडायच्या, सुया लावायच्या, अर्धापाऊण तास गप्प बसायचं. आपली कहाणी कुणाला सांगायची सक्ती नाही. २००१च्या हल्ल्यानंतर आणि २००५च्या कॅटरिना वादळानंतर हादरलेल्या लोकांसाठी अशाच मोफत बैठका भरल्या.

आपला धागा मात्र चीनमधून येतो. १९३८ साली तिकडे गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे चोळकरही! कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात उपचार करू लागले. महाराष्ट्रात तर २०१५ साली या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा झाला.

आता खरं-खोटं. कोकेनच्या व्यसनावर ६२० जणांची मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००२ मध्ये छापून आला. या सुया इतर उपायांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणजे जादू नाही. गोळ्या चालू असतील तर त्या सोडून सुयांमागे लागू नये.

तरी मला पोहरादेवी आठवते. बंजारा समाजाची काशी, सेवालाल महाराजांची समाधी. रामनवमीला तांड्या-तांड्यांतून माणसं येतात, सावलीला शेजारी-शेजारी बसतात. त्यांत नापिकीने खचलेले असतात, घरचा कर्ता माणूस गमावलेलेही असतात. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आपला वाशीम जिल्हाही होता. पण 'मनाच्या डॉक्टर'कडे जायचं म्हटलं की लोक वेडा म्हणतील, ही भीती गावात असतेच. सगळ्यांसोबत खुर्चीवर बसायला तेवढी लाज वाटत नाही. ब्राँक्सच्या लोकांनी नेमकं हेच ओळखलं असावं. सुईचा गुण किती आणि सोबत बसण्याचा किती, हे वेगळं काढणं कठीणच.

असो. यात्रेच्या मांडवात पाण्याच्या टाकीशेजारी वीस खुर्च्या आणि एक समुपदेशक, एवढं तरी करता येईल का? सुयांचं नंतर पाहू. यंदा यात्रेला येणाऱ्या काका-मामांनो, यावर बोलूया.