राहुरीचा बाप्तिस्मा

रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या धर्मांतराची हकीगत महाराष्ट्राला परिचित आहे. लक्ष्मीबाईंचे धर्मांतर मात्र त्या हकीगतीचे शेपूट मानण्याची आपणांस सवय जडली आहे. वस्तुतः निष्ठेची कसोटी पाहावयाची असेल, तर १९०० साली राहुरीस झालेला त्या बाईंचा बाप्तिस्माच अधिक विचार करावयास लावणारा आहे.

नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांस बायबल वाचण्याचा आग्रह केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले, लौकिकाची जागा निर्भर्त्सनेने घेतली. ते सारे त्यांनी धैर्याने सोसले, ह्यात शंका नाही. परंतु पत्नीस आगाऊ न सांगता त्यांनी हे पाऊल टाकले, ही गोष्ट त्या धैर्याच्या गौरवात झाकली जाऊ नये. नवऱ्याने निवडलेला वनवास बायकोच्या वाट्यास न विचारता आला!

आणि ही बायको कोणाची मुलगी? जलालपूरचे गोखले म्हणजे बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेणारे सोवळे गृहस्थ. अशा घरात वाढलेली स्त्री नवऱ्याचा धर्म गेला म्हणून काही वर्षे लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांत, पंढरपुरास राहिली. पुढे नगरास नवऱ्याकडे आली तीही आपला स्वयंपाक व आपले सोवळे सांभाळून. इकडे ‘बाटग्याच्या घरी नांदते’ हा बोल, तिकडे ‘अजून सोवळे सुटत नाही’ हे हसे. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा निवाडा तिने कोणा उपदेशकाच्या तोंडून न घेता, एके रात्री स्वतःच्या मनाशी केला. त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यास तिची हरकत राहिली नाही.

ते साल दुष्काळाचे होते. पोटासाठी बाटले, हा टोमणा त्या काळी नगर जिल्ह्यातील गरीब ख्रिस्त्यांस सर्रास ऐकावा लागे, आणि भुकेल्यास हा प्रश्न विचारणारे स्वतः बहुधा जेवून आलेले असत. लक्ष्मीबाईंस तो लागू करता येत नव्हता. नवऱ्याचे घर त्यांस बाप्तिस्म्यावाचूनही उघडे होते. म्हणूनच त्यांच्या निर्णयास वजन आहे.

टिळकांची दुसरी परीक्षा स्वकीयांत झाली. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांत व कीर्तनांत आणली, तुकोबांवरील प्रेम सोडले नाही, स्वदेशाभिमान लपविला नाही. परदेशी वळणाच्या मंडळीस हे सारे सहज मानवणारे नव्हते. ब्राह्मण कुळातले बालकवी त्यांच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले, ह्यावरून त्या घराचा उंबरठा केवढा रुंद होता ते कळते. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ मांडला; संस्थेपासून दूर झाले, पण ख्रिस्तापासून तसूभरही नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. तीत वडिलांचे सोवळे व नवऱ्याचा तापटपणा ह्या दोहोंकडे बाई सारख्याच मोकळेपणाने हसतात, आणि ज्यांनी त्यांस छळले त्यांची कडवट तक्रार कोठे शोधून सापडत नाही.