पुडी आणि कुपी

एका वेळेपुरते औषध वेगळे बांधून देण्याची रीत आमच्या समाजास नवी नाही. वैद्याची पुडी घरोघर परिचित होती. मात्र तिच्यातील औषधाच्या शुद्धतेचा भरवसा कागदावर नसून देणाऱ्या हातावर असे. तो भरवसा हातावरून वेष्टनावर कसा आला, हे पाहू गेल्यास आमची दृष्टी पुण्याजवळच्या पिंपरीकडे वळते.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांस लागला. पुढे १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास ते टोचले असता त्यास उतार पडू लागला. परंतु साठा संपला आणि तो दगावला. गुणकारी औषधही पुरेसे हाती नसेल तर व्यर्थ, हा धडा जगास मिळाला. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने पिंपरीस कारखाना उभारला. १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

औषध बनविण्याइतकेच ते निर्जंतुक स्थितीत रुग्णापर्यंत पोहोचविणे अवघड होय. पाण्यात विरघळलेले पेनिसिलिन थोड्याच दिवसांत निर्वीर्य होते. म्हणून कोरडी भुकटी मोजून काचेच्या कुपीत भरावयाची, रबरी बूच बसवावयाचे व वर ॲल्युमिनियमचे टोपण दाबावयाचे. टोचतेवेळी बूच न काढता सुईनेच आत शुद्ध पाणी सोडावयाचे. अशाने आडगावच्या दवाखान्यासही कारखान्यातल्याइतकी शुद्ध मात्रा मिळू शकली.

पुढे व्यापाराने शांपूपासून गुटख्यापर्यंत हीच युक्ती उचलली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी तंबाखू व पानमसाल्याच्या प्लास्टिक पुड्यांस मनाई केली. वैद्याच्या पुडीचा कागद चुलीत जाई. प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे चिकटलेले थर मात्र वेगळे करणे कठीण, म्हणून ही नवी पुडी ओढ्यानाल्यांत तशीच पडून राहते.

लहान वेष्टन स्वभावतः दोषी आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या गाठी थोडेच पैसे आहेत त्यास मोठी बाटली परवडत नाही, हेही खरे. परंतु त्याची पुडी स्वस्त पडते, ती मागे उरलेल्या कचऱ्याचा खर्च गावावर पडतो म्हणून. कुपीचे वेष्टन औषधाच्या गरजेतून निघाले. प्रत्येक पुडीने आपली गरज तशीच सिद्ध करावी, एवढेच आमचे मागणे आहे.