पेशीला आलेला निरोप

शरीरातल्या पेशी ठरवून मरतात, ही गोष्ट मराठी वाचकाला आता नवी नाही. मात्र त्याविषयी वाचताना ‘पेशींची आत्महत्या’ हा शब्दप्रयोग मला वारंवार भेटतो आणि दर वेळी खटकतो. आत्महत्या म्हटले की निर्णय मरणाऱ्याचा, असे आपण गृहीत धरतो. या संशोधनाचा इतिहास चाळताना मात्र वेगळेच चित्र दिसू लागते. पेशी मरते ती पुष्कळदा बाहेरून आलेल्या निरोपामुळे, आणि हा निरोप रासायनिक असतो. तो निरोप माणसाला कसा वाचता आला, त्याची ही हकिगत.

तिची सुरुवात बेडकांपासून होते. 1842 साली कार्ल फोग्ट या निसर्गशास्त्रज्ञाला बेडूकमाशाच्या वाढीचा अभ्यास करताना दिसले की, पाठीच्या आधारदोरीतल्या पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी कण्याची नवी रचना उभी राहते. प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असतात, हा सिद्धांत तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. पेशी जन्मतात कशा, याचेच कुतूहल ताजे असताना त्यांच्या मरणाकडे कोण लक्ष देणार? 1885 मध्ये वाल्थर फ्लेमिंग यांनी अंडाशयातल्या पेशींची केंद्रके विरघळताना पाहिली आणि त्यांची चित्रेही काढली. तीही नोंद ग्रंथांत पडून राहिली.

निरोपाचा पहिला धागा 1912 मध्ये हाती आला. गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना सस्तन प्राण्यांच्या निरनिराळ्या ग्रंथी खाऊ घातल्या. ज्यांच्या वाट्याला थायरॉइड आली, त्यांचे वेळेआधीच रूपांतर झाले: पाय फुटले, शेपूट आटली आणि चिमुकले बेडूक तयार झाले. म्हणजे शेपटीच्या अंताची वेळ शेपटीने ठरवली नव्हती. ती रक्तातून आलेल्या एका रसायनाने ठरवली होती. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ज्या रसायनामुळे शेपूट गेली त्याच रसायनामुळे पाय आले. निरोप एकच, पण ऐकणाऱ्या पेशीगणिक त्याचा अर्थ वेगळा.

पुढची पायरी गाठणाऱ्या शास्त्रज्ञाचा जन्म मुंबईचा. लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत जमशेद रुस्तम टाटा यांनी बेडूकमाशांच्या शेपट्या कापून पोषक द्रवात वेगळ्या जिवंत ठेवल्या. नुसत्या द्रवात त्या टिकत. थायरॉइडचे संप्रेरक घातले की काही दिवसांत आक्रसून जात. मग टाटांनी संप्रेरकाच्या जोडीला आरएनए आणि प्रथिने बनण्याची क्रिया रोखणारी रसायने घातली. शेपटीचे आक्रसणे थांबले! 1966 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ खोल होता. मरण्यासाठी पेशीला नवी प्रथिने बनवावी लागत होती, म्हणजे काम करावे लागत होते. झिजून, थकून येणारे हे मरण नव्हते.

त्याच सुमारास हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉकशिन हा विद्यार्थी कॅरल विल्यम्स यांच्या मार्गदर्शनाखाली रेशमाच्या पतंगांवर काम करत होता. हे पतंग आपल्या विदर्भातल्या टसरच्या भावकीतले. कोषातून बाहेर पडण्यासाठी पतंग पोटाचे जे स्नायू वापरतो, ते बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांतच विरून जातात. या विरण्याची पूर्वतयारी संप्रेरकांच्या प्रभावाखाली आधीच झालेली असते, असे या जोडीने दाखवले. 1964-65च्या त्यांच्या लेखमालेतून ‘प्रोग्रॅम्ड सेल डेथ’ हा शब्द रूढ झाला.

तिसरी वाट रोगनिदानशास्त्रातून आली. ऑस्ट्रेलियाचे जॉन कर यांना यकृतात एक वेगळ्या प्रकारचा पेशीमृत्यू दिसत होता. इजा झालेली पेशी फुगते, फुटते, आजूबाजूला दाह माजवते. ही पेशी मात्र आकसत होती, तिचे लहान लहान तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते निमूटपणे गिळत होत्या. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अलस्टेर करी आणि अँड्र्यू वायली यांच्यासह त्यांनी 1972 मध्ये याविषयी लेख लिहिला. नाव सुचत नव्हते, तेव्हा विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी शब्द दिला: ‘ॲपॉप्टॉसिस’. झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळणे, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी या गटाने उंदरांत दाखवले की, मेंदूतळीच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारे संप्रेरक घटले की अधिवृक्क ग्रंथीतल्या पेशी अशाच गळतात. ते संप्रेरक बाहेरून दिले की वाचतात. इथे निरोप येण्याने नव्हे, तर निरोप थांबल्याने मरण येत होते.

इतके हाती असूनही पुढची दहा-पंधरा वर्षे या विषयाकडे फारसे कोणी फिरकले नाही. माझ्या मते याचे एक कारण असे, की बेडूकवाले, पतंगवाले आणि यकृतवाले एकमेकांची नियतकालिके वाचत नव्हते. दुसरे कारण मनाचे आहे. मरण म्हणजे अपयश, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात रचना शोधावी असे सहसा वाटत नाही.

1989 मध्ये दोन ठिकाणी एकाच वेळी कोडे सुटू लागले. टोकियोत शिन योनेहारा आणि जर्मनीत पीटर क्रामर यांच्या गटांना असे प्रतिपिंड सापडले, जे पेशीच्या पृष्ठभागाला नुसते चिकटले तरी पेशी मरे. पृष्ठभागावरच्या त्या रेणूला जपानी गटाने ‘फास’ म्हटले. ओसाकाच्या शिगेकाझू नागाता यांनी 1991 मध्ये त्याचे जनुक मिळवले आणि 1993 मध्ये फासला येऊन भिडणारा शरीरातला नैसर्गिक रेणूही शोधला. पुढच्या तीन वर्षांत दारापासून आतपर्यंतची वाट उलगडली. बाहेरचा रेणू येतो, फासचे तीन-तीन रेणू जवळ आणतो. त्यांच्या आतल्या टोकांना फाड नावाचे प्रथिन जोडले जाते. ते कॅस्पेस-8 या विकराला गोळा करून जागे करते. मग इतर कॅस्पेस एकामागून एक जागे होतात आणि पेशीची आतली प्रथिने ठरावीक जागी कापत सुटतात. हत्यारे सगळी पेशीचीच, आधीपासून घरात ठेवलेली. बाहेरून येतो तो फक्त हुकूम.

हा हुकूम न पोचल्यास काय होते? उंदरांच्या एका जातकुळीत लसिकाग्रंथी सुजत आणि शरीर स्वतःवरच हल्ला करी. तिच्यात फासचे जनुकच बिघडलेले आहे, असे 1992 मध्ये नागातांच्या गटाने दाखवले. काम संपलेल्या संरक्षक पेशी मरत नव्हत्या आणि रक्षकच घरावर उलटत होते. मग कर्करोगाच्या गाठीला हाच हुकूम पाठवावा, हा मोह साहजिक होता. पण 1993 मध्येच उंदरांना फासवरचे प्रतिपिंड टोचले, तेव्हा काही तासांतच त्यांची यकृते निकामी होऊन ते दगावले. निरोप पोचवणे सोपे. तो नेमक्या पत्त्यावर पोचवणे, हाच खरा प्रश्न. तो आजही पुरता सुटलेला नाही.

लंडनचे मार्टिन राफ यांनी 1992 मध्ये याहून धाडसी विचार मांडला. आपल्या बहुतेक पेशींची मरणाची तयारी कायम असते. शेजाऱ्यांकडून ‘जगा’ असा निरोप येत राहतो म्हणूनच त्या टिकतात. चेतापेशींना जगवणाऱ्या घटकावर रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी केलेले काम याच दिशेने बोट दाखवत होते. म्हणजे एकटी पडलेली पेशी जगत नाही. जगणे ही तिची खाजगी मालमत्ता नाही. ते तिला रोज शेजाऱ्यांकडून मिळते.

म्हणून मला ‘आत्महत्या’ हा शब्द नको वाटतो. कॉर्मॅकसरांच्या ग्रीक शब्दाला आपल्याकडे सरळ शब्द आहे: पानगळ. पानही आपणहून गळत नाही. पानाकडून देठाकडे येणारे ऑक्झिन कमी होते, इथिलीन वायूचा प्रभाव वाढतो आणि देठाच्या तळाशी सुटण्याचा थर तयार होतो. झाड मात्र उभे राहते. मराठीत ‘निरोप’ म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे पाठवणीही. पेशीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच रेणूत येतात.