अठरा वर्षांचा मतदार आणि महाविद्यालयीन निवडणूक : महाराष्ट्रातील एक विसंगती

विद्यार्थ्यांच्या राजकीय अनास्थेविषयी अध्यापक-कक्षात नेहमीच खेद व्यक्त होतो. या अनास्थेची कारणे पिढीच्या स्वभावात नव्हे, तर कायद्यांच्या इतिहासात शोधावीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अंमलात आली आणि त्याच नोव्हेंबरातील लोकसभा निवडणुकीत पदवीच्या वर्गातील विद्यार्थी प्रथमच मतदार ठरला. त्याच वर्षी मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वातावरणात एका विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली. पैसा, दहशत व पक्षांचा हस्तक्षेप यांविषयीची पालकांची भीती निराधार नव्हती. परंतु उपाय कोणता योजला गेला? महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ अन्वये प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेतील गुणवत्तेच्या आधारे एक विद्यार्थी प्राचार्यांनी विद्यार्थी परिषदेवर नामनिर्देशित करावयाचा होता. मताधिकार उरला तो परिषदेच्या मोजक्या विद्यार्थी सदस्यांना, सचिव निवडण्यापुरता.

म्हणजे देशाचे सरकार निवडण्यास जो पात्र, तो स्वतःच्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्यास अपात्र. ही व्यवस्था दोन दशकांहून अधिक काळ टिकली. निवडणुकाच नसल्याने त्यांतील हिंसाही थांबली, हे मान्य केले पाहिजे. तथापि गुणवंत विद्यार्थ्याला वर्गाकडे मत मागावे लागत नाही. म्हणून वसतिगृहातील पाण्याचा वा रखडलेल्या शिष्यवृत्तीचा जाबही त्याला कोणी विचारीत नाही. (प्रस्तुत लेखक याच काळातील विद्यार्थी. आपला प्रतिनिधी कोण, हे त्यास सूचनाफलकावरून कळत असे.) मत मागणे, नाकारले जाणे, पराभवानंतर त्याच बाकावर बसणे, हा अनुभव ज्यास मिळाला नाही, त्याच्याकडून मतदार यादीत नाव नोंदविण्याचा उत्साह अपेक्षिणे कितपत न्याय्य आहे?

२००६ मध्ये लिंगडोह समितीने निवडणुकांना शिस्त लावण्याचा मार्ग दाखविला : प्रति उमेदवार ५००० रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के उपस्थितीची अट, छापील भित्तिपत्रकांना मनाई. महाराष्ट्रात खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आली ती सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये. पुढे २०१९ मध्ये या निवडणुका घेण्याचे ठरले आणि विधानसभा निवडणुकीच्या कारणास्तव त्या पुढे ढकलण्यात आल्या. २१ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याच विद्यार्थ्यांपैकी ज्यांची नावे मतदार यादीत होती, त्यांना विधानसभेसाठी मतदान करता आले. यादी गावची आणि वास्तव्य पुण्याच्या वसतिगृहात, अशांना त्यासाठी एस.टी.ने गाव गाठणे भाग होते.