तारेवरची कसरत

इतिहास म्हटला की आपल्याला तलवार आठवते. तार कुणालाच आठवत नाही. शाळेत आम्ही तहांची कलमे पाठ केली, लढायांची साले घोकली. पण माणसाने सोन्याची पहिली तार कशी केली, हे कोणत्याही मास्तरांनी विचारले नाही. विचारले असते तर वर्गातल्या एखाद्या सोनाराच्या पोराला तरी पैकीच्या पैकी मिळाले असते.

आता मला ह्या प्रश्नाशी काय देणेघेणे? मी बँकेतला कारकून, शिक्षणाने कॉमर्सवाला. पण मुलीने सुट्टीत तारेचे दागिने करण्याचा वर्ग लावला. सुट्टी संपली, वर्ग संपला, हौस संपली आणि तांब्याच्या तारेची वेटोळी तेवढी उरली. कॉमर्सच्या माणसाला शिल्लक माल पाहवत नाही. मी पक्कड हातात घेतली. आज मी नवशिक्यांच्या इयत्तेतून मधल्या इयत्तेत चढलो आहे, असे माझे म्हणणे आहे. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पुढे येईलच.

पहिला धक्का बसतो तो दुकानात. तार नंबरावर मिळते. २० नंबरची जाड आणि २६ नंबरची बारीक! म्हणजे आकडा वाढला की माल घटतो. जन्मभर आकडा वाढला की साहेब खूष होतो हे पाहिलेल्या माणसाने हे कसे पचवावे? पण ह्यात एक जुना हिशेब आहे. पोलादी पट्टीला लहान लहान होत जाणारी भोके पाडायची आणि तार एकेका भोकातून ओढून काढायची. जितक्या भोकांतून ओढावी तितकी ती बारीक. नंबर सुरू झाला तो ह्या ओढण्याच्या मोजणीतून. पुढे प्रत्येक कारखाना आपापला नंबर चालवू लागला, तेव्हा इंग्रज सरकारने १ मार्च १८८४ पासून एकच कायदेशीर माप लागू केले. त्या मापात २० नंबरची तार ०.९१४ मिलिमीटर आणि २६ नंबरची ०.४५७. बरोब्बर निम्मी! ताळेबंद असा जुळलेला पाहिला की मला गहिवरून येते. अमेरिकेचा नंबर मात्र वेगळा. तिथला २० नंबर ०.८१२ मिलिमीटरच भरतो. तेव्हा घेताना विचारून घ्यावे.

पण ही भोकांची पट्टी यायच्या आधी हजारो वर्षे माणूस तार करीतच होता. कशी? आपली आजी देवापुढची वात वळायची, तश्शी. सोन्याचा पत्रा ठोकून पातळ करायचा, त्याची चिंचोळी पट्टी कापायची, तिला पीळ द्यायचा आणि दोन सपाट फळ्यांमध्ये घोळवून गोल करायची. अशा तारेवर पिळाची बारीक रेघ नागमोडी फिरत जाते. ओढलेल्या तारेवर मात्र सरळ उभे ओरखडे येतात. संग्रहालयातले जाणकार अजूनही भिंगाखाली ही रेघ पाहतात. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून आणलेल्या दागिन्यात सरळ ओरखड्यांची तार निघाली, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आम्ही चेकवरची सही पडताळतो, तसाच हा प्रकार.

बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या जर्मनीतल्या साधूने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. त्यात भोकांच्या पट्टीचे नीट वर्णन आहे. पुढे न्यूरेंबर्गला नदीच्या पाण्यावर चाक फिरवून तार ओढायची सोय झाली. तिथल्याच ड्यूरर ह्या चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या अखेरीस अशा तारगिरणीचे जलरंगात चित्र काढले. हात दुखणे संपले आणि तार स्वस्त झाली.

तार मिळाली. पुढे काय? इथेच इयत्ता ठरते.

नवशिका तारेचे टोक पकडीत धरतो, गोल वळवतो आणि म्हणतो, ही झाली कडी. दिसायला छान. पण तिला जरा ताण बसला की तोंड उघडते आणि मणी पलंगाखाली. मधल्या इयत्तेतला माणूस तार गोल फिरवून झाली की उरलेले टोक तिच्याच गळ्याभोवती दोन-तीन वेढे घेऊन आवळतो. ही कडी उघडत नाही. चौकटीला जाड तार, वेढ्यांना बारीक, हे त्याला कळलेले असते. आणखी एक गोष्ट कळलेली असते. तार वाकवली की कडक होते. थोडी कडक झाली तर दागिना आकार धरतो, फार वाकवली तर तार मोडते. तांब्याची तार तापवून मंद लाल केली की पुन्हा मऊ पडते. साहेबलोकांचे नेमके उलटे आहे, तापले की कडक!

शेवटची परीक्षा टोकाची. वेढ्याचे कापलेले टोक कानशीने घासून आत दाबले नाही, तर ते साडीत अडकते. सौभाग्यवती माझ्या कामाची एकाच वाक्यात तपासणी करतात, “पदर धरतंय का ते सांगा आधी!”

ह्या विद्येत डाख नाही, भट्टी नाही, सगळा कारभार पकडीवर. आपल्याकडे हे काही नवे नाही. मोत्यांची नथ म्हणजे तरी काय? सोन्याच्या तारेत ओवलेले आणि तारेनेच आवळलेले मोती. तिकडे अमेरिकेत कॅल्डर नावाचा मोठा शिल्पकार होऊन गेला. १९०६ साली, आठ वर्षांचा असताना, त्याने रस्त्यात पडलेली तांब्याची तार उचलून बहिणीच्या बाहुल्यांना दागिने केले. पुढे जगभर नाव झाले तरी त्याने ती खोड सोडली नाही. आयुष्यात अठराशेच्या आसपास दागिने केले, तेही बहुतेक डाख न लावता, तार ठोकून आणि वळवून.

पण माझा खरा गुरू त्याच्याही आधीचा आहे. मोहेंजोदडोला १९२० च्या दशकात उत्खननात एक माळ सापडली. हिरव्या दगडाचे मणी, सोन्याचे पोकळ मणी आणि खाली लोंबणारे अकीक नि यास्परचे लोलक. हे लोलक जाड सोन्याच्या तारेने जोडलेले आहेत. करणाऱ्याचे नाव माहीत नाही. त्याला जाऊन चार हजारांवर वर्षे झाली, तरी त्याचा सांधा टिकून आहे.

मग १९४७ साल आले. फाळणीत जमिनी वाटल्या गेल्या, रोकड वाटली गेली, कचेरीतल्या खुर्च्याटेबले वाटली गेली, तशा मोहेंजोदडोच्या वस्तूही वाटल्या गेल्या. ह्या माळेचे दोन भाग केले. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोन्ही बाजूंच्या कागदावर बेरीज नक्कीच जुळली असणार. मी कारकून आहे, मला ते सुख ठाऊक आहे. पण बेरीज जुळली आणि माळ राहिली नाही.

आमच्या शाखेत सोनेतारणाचे टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. बाई नथ काढून ठेवते. सराफ वजन करतो, मोती वजा करतो, उरलेल्या तारेचा भाव लिहितो. घडणावळीला रकाना नाही. नियम बरोबर आहे. कर्ज सोन्यावर मिळते, वेढ्यांवर नाही. पण अलीकडे नथ पाकिटात जायच्या आधी मी ती हळूच उलटी करून सांधा बघतो. बाई काळजीने विचारते, “काही खोट आहे का हो, साहेब?” मी म्हणतो, “नाही हो बाई, काम चांगलं झालंय.” तिचा चेहरा खुलतो. तेवढ्यावर व्याज लागत नाही.

मधली इयत्ता म्हणजे एवढीच. नवशिका खडा बघतो आणि मधला सांधा बघतो. वरच्या इयत्तेत काय शिकवतात, ते मोहेंजोदडोच्या त्या कारागिरालाच विचारले पाहिजे. त्याचे अर्धे उत्तर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी व्हिसा लागतो.