कोचीचा पेरू

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळी पाण्यातून वर येतात, मासळी उतरते आणि शेजारीच बोली सुरू होते. मला मलयाळम येत नाही. तरी त्या गलबल्यात ‘लेलम्’ हा शब्द कानी पडला आणि त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. आपला ‘लिलाव’ तो! पोर्तुगीज ‘लेइलांव’ची ही दोन लेकरे, एक मलबारात वाढले, एक कोकणात.

मग मला नादच लागला. तेला-पाण्याचे पिंप दिसले, त्याला तिथे ‘वीप्प’ म्हणतात. दोन्ही शब्द ‘पीपा’पासून आले, पोर्तुगीज गलबतांवर दारू भरून आणायचे ते लाकडी पीप. चावीला ‘चावी’च म्हणतात. इस्त्रीही ओळखीचीच निघाली.

याचे नवल वाटू नये. पोर्तुगीजांनी कोचीला किल्ला बांधला तो १५०३ मध्ये. गोवा त्यांच्या हाती यायला अजून सात वर्षे होती. १५३० पर्यंत त्यांच्या हिंदुस्थानातल्या कारभाराचे मुख्य ठाणे कोचीच होते. वास्को द गामा १५२४ मध्ये इथेच वारला आणि इथल्याच चर्चमध्ये त्याला आधी पुरले. पुढे १६६३ मध्ये डचांनी शहर घेतले. आपल्याकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर या शब्दांना मुरायला शतकाहून अधिक काळ मिळाला.

पण मला जास्त मोलाचे वाटतात ते न जुळणारे शब्द. मल्याळी माणूस बसतो ‘कसेर’वर, म्हणजे पोर्तुगीज ‘कादेइरा’वर. आपण बसतो खुर्चीवर, आणि ती अरबी-फारसीतून आली. बसायची वस्तू तीच. कोचीत तिचे नाव समुद्राने आणले, आपल्याकडे ते खुष्कीने, सुलतानांच्या दरबारांतून आले. उसना शब्द कुठल्या वाटेने घरात शिरला, हे इतके स्वच्छ सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही. कांद्याचेही पाहा. केरळात लहान कांद्याला जुने नाव आहे, ‘उळ्ळी’. मोठा कांदा मात्र ‘सवाळ’, पोर्तुगीज ‘सेबोला’पासून. मराठीला त्याची गरजच पडली नाही. लहान असो की मोठा, आपला तो कांदाच.

सगळ्यांत गोड गोष्ट पेरूची. कोचीच्या बाजारात पेरूला ‘पेरय्क्क’ म्हणतात: ‘पेर’ आणि पुढे ‘काय’, म्हणजे फळ. गोव्यात तो ‘पेर’, आपल्याकडे ‘पेरू’. हे फळ अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर इकडे आले. पोर्तुगीजात ‘पेरा’ म्हणजे खरे तर नासपती. नव्या फळाला ओळखीच्या फळाचे नाव मिळाले आणि आपल्या किनाऱ्याने ते मनापासून उचलले. आजच्या पोर्तुगीजात पेरूला ‘गोयाबा’ म्हणतात. लिस्बनच्या बाजारात ‘पेरा’ मागितलात तर नासपतीच हातात पडेल.