जाहिरात अडते तेव्हा

नाटकात राजाची मिशी गळून पडली तर लोक हसतात आणि प्रवेश पुढे चालू होतो. पण ती मिशी विकण्यासाठीच कुणी पैसे मोजले असतील तर? अमेरिकेतल्या जुन्या टेलिव्हिजनवर अशी पाळी वारंवार येई.

तिथे पैसे घेऊन जाहिरात दाखवण्याची मुभा मिळाली ती १ जुलै १९४१ पासून. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या केंद्राने बेसबॉलच्या सामन्याआधी बुलोव्हा घड्याळाची जाहिरात दाखवली. पुढे कितीतरी वर्षे पुष्कळशा जाहिराती कॅमेऱ्यासमोर उभे राहून थेट केल्या जात. घडेल ते त्याच क्षणी घरोघर पोचे. पुसायला सवडच नाही.

१९५४ सालची गोष्ट बघा. 'स्टुडिओ वन' या नाट्यमालेत वेस्टिंगहाऊसच्या शीतकपाटाची जाहिरात चालली होती. बाई हसतमुखाने गुण सांगताहेत आणि दार काही उघडत नाही! ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं. बोलणं मात्र थांबलं नाही. कॅमेरा हळूच त्यांच्या चेहऱ्याजवळ सरकला, म्हणजे दार दिसायला नको. त्या कॅमेरावाल्याचं मला फार कौतुक वाटतं.

या बाई जून ग्रॅहम. कंपनीच्या नेहमीच्या जाहिरातवाल्या बेटी फर्नेस. त्या दिवशी त्या तिथे नव्हत्याच. तरीही लोकांनी ते दार फर्नेसबाईंच्याच खात्यावर मांडलं. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना ग्राहकांच्या प्रश्नांसाठी खास साहाय्यक नेमले, एवढ्या त्या कर्तबगार. बिघडले यंत्र आणि बोल लागला तो हजर नसलेल्या माणसाला!

१९५६ साली अँपेक्स कंपनीने चित्रफितीचे यंत्र आणले आणि दोष पडद्याआड गेला. फीत दोन इंच रुंद. तिच्यावरून चार चुंबकी टोकांची चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेई. आता रहाट काही पहिल्याच हिसक्याला एका लयीत फिरत नाही. तसेच या यंत्राचे. लय साधायला काही सेकंद लागत, म्हणून ते आधीच चालू करून ठेवावे लागे. हात उशिरा पडला की चित्र फाटलेले दिसे, नाहीतर वरखाली धावे. फिल्मवरच्या जाहिरातीत घाई झाली, तर सुरुवातीला यंत्रवाल्यासाठी छापलेले उलटे आकडेच लोकांना दिसत.

इंग्लंडात २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींचे टेलिव्हिजन सुरू झाले. तिथे कार्यक्रम सामाईक असला तरी प्रत्येक विभाग आपापल्या जाहिराती घाली. सर्वांनी एकाच वेळी कळ फिरवायची कशी? तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोनी ठिपका दाखवीत. तो विश्रांतीच्या साधारण मिनिटभर आधी उमटे आणि पाच सेकंद उरले की नाहीसा होई. घरी बसलेल्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसे.

आणि जाहिरात बिघडली तर? मग केंद्राला ती बहुधा फुकट पुन्हा दाखवावी लागे. त्यामुळे यंत्राजवळच्या माणसाची छाती किती धडधडत असेल, याचा अंदाज करा.

आपल्याकडे दूरदर्शनवर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ रोजी. मुंबई केंद्राचे चित्र तुटले की 'व्यत्यय' अशी पाटी लागे. त्या पाटीवर लोक चिडत. पण तिचा एक उपयोग होता, बरं का. पाटी स्वच्छ दिसली की समजावे, आपला अँटेना ठीक आहे, छपरावर चढायला नको.